सव्वीस तारखेच्या आत कोरडी भिंत

वापरून वापरून एक किलोचं वजन हळूहळू कमी भरायला लागतं. त्यात लबाडी नसते, नुसती झीज असते.

"अहो, हल्ली तुम्ही सारखे स्वयंपाकघरातच का बसलेले दिसता?"

ज्यांची एकमेकांशी गाठ पडू देऊ नये अशा जोड्या: एक, ब्लीच आणि व्हिनेगर. दोन, माझे दोन्ही मेहुणे.

सूचना. सर्व सभासदांना कळवण्यात येते की यापुढे कोणत्याही सभासदाने दुसऱ्या सभासदाची भिंत मोजू नये. हुकमावरून.

माझ्या घरात आज सहा पंखे चालू आहेत. त्यातले चार माझे नाहीत.

घाईत वाळवलेल्या साच्यावर दात बसवला तर तो पुढे आयुष्यभर टोचतो.

आता जरा क्रमाने सांगतो. निदान प्रयत्न करतो.

तीन तारखेला, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, मी आतल्या खोलीत कपाटातून जाड चादर काढत होतो आणि माझ्या टाळूवर थेंब पडला. टाळूवर म्हणजे नेमका टाळूवर. तिथे आता केसांचा काही अडथळा उरलेला नाही, तेव्हा अचूकतेबद्दल शंका नको. वर पाहिलं तर छतावर ताटाएवढा डाग, आणि त्याच्या कडेने पाणी भिंतीवरून शिस्तीत खाली येत होतं.

दुसरा कोणी असता तर वरच्या मजल्यावर धावला असता. मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. मी मोजपात्र आणलं. निवृत्तीच्या दिवशी खात्याने भेट दिलेलं, पितळी, एक लिटरचं. थेंबांखाली ठेवलं, घड्याळ लावलं, वही उघडली. पहिल्या मिनिटाला चाळीस मिलिलिटर. पाचव्या मिनिटाला नव्वद. विसाव्या मिनिटाला मी निःसंशय सिद्ध केलं की पाण्याचा वेग वाढतो आहे. तोपर्यंत भिंत माझ्या खांद्यापर्यंत भिजली होती. मग सुचलं की पाणी बंदही करायला हवं.

वरच्या घराला कुलूप. तिथे एकटी राहणारी मुलगी कृत्रिम दात बनवण्याच्या कारखान्यात कामाला आहे, एवढंच मला माहीत होतं. इमारतीत सगळे तिला दातवाली म्हणतात. दोन वर्षांत मी तिला ओळखत होतो ती फक्त पावलांवरून: सकाळी साडेसातला टाचा, संध्याकाळी सहाला सपाता. इमारतीच्या मुख्य नळाची किल्ली सेक्रेटरींकडे. हे निवृत्त मुख्याध्यापक. दार उघडून त्यांनी माझं ओलं डोकं पाहिलं आणि म्हणाले, "पाणी बंद करायचं तर चोवीस तास आधी फलकावर लावावं लागतं."

"पाण्याने कुठे चोवीस तास आधी लावलं होतं?" मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर विचार केला. मुख्याध्यापकाला उलट उत्तराची सवय असते, बरोबर उत्तराची नसते. किल्ली मिळाली.

संध्याकाळी दातवाली खाली आली. हातात फडकं, मान खाली. "काका, चूक माझी. मशीन लावून गेले आणि नळी सुटली. काय लागेल ते सांगा."

"काही नाही लागत," मी म्हणालो. माणसाने मोठेपणा दाखवण्याआधी नुकसान नीट पाहून घ्यावं, हे मला नंतर कळलं.

*

आता सव्वीस तारखेबद्दल. त्याशिवाय या भिंतीत अर्थ नाही.

आमची मंडळी मुलाकडे आहे. नातवाला सांभाळायला तीन महिने म्हणून गेली, त्याला चौदा झाले. तीनाचे चौदा कसे होतात हे आमच्या खात्याच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही; असा तराजू मला बाजारात सापडला असता तर मी जागेवर जप्त केला असता. मध्ये तिला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी ओल आणि बुरशी या दोन गोष्टींपासून लांब राहायला सांगितलं. एक तारखेला तिचा फोन आला होता.

"सव्वीसला येते. दहा दिवस. सूनबाईने रजा टाकलीय."

"ये की," मी म्हणालो. आवाज शक्य तितका सपाट ठेवून.

"घरात ओलबिल नाही ना कुठे? असेल तर आधीच सांगा. मी ताईकडे उतरेन."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. याच गावात, चार थांबे पलीकडे. बायको चौदा महिन्यांनी गावात यावी आणि चार थांबे पलीकडे उतरावी, मी रोज सकाळी पिशवी घेऊन तिला भेटायला जावं, आणि तिला भेटायला आलेल्या दोन्ही मेहुण्यांनी पलंगावर बसून माझ्याकडे पाहावं, हे चित्र मला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसलं.

"खणखणीत कोरडं आहे," मी म्हणालो. एक तारखेला ते खरंही होतं.

तीन तारखेपासून मी फोनवर तोंड दाखवायला स्वयंपाकघरात बसू लागलो. तिथली भिंत बेदाग होती.

*

इमारतीचा विमा आहे. सेक्रेटरींनी मला त्याची पुस्तिका आणि चार प्रतींचा अर्ज दिला. पान सहावर लिहिलं होतं: पाहणी होईपर्यंत नुकसान झालेला भाग जसाच्या तसा ठेवावा. पान अकरावर: ओल दोन दिवसांच्या आत न वाळवल्यास बुरशी धरते, आणि तिच्यासाठी भरपाई मिळत नाही. मी फोन केला. पाहणी नऊ दिवसांनी होणार होती.

"मग मी पान सहा पाळू की पान अकरा?" मी विचारलं.

पलीकडची बाई अतिशय गोड बोलत होती. "सर, दोन्ही पाळायची आहेत."

खात्यात असताना मी असे आदेश स्वतः काढलेले आहेत. पहिल्यांदाच एक माझ्या अंगावर येत होता, आणि तो किती व्यवस्थित मापाने शिवलेला असतो याचं मला कौतुक वाटलं.

मी पान सहा पाळलं. खिडकी उघडली नाही, पंखा लावला नाही, कपाट हलवलं नाही. पण नुसतं बसवेना. म्हणून रोज सकाळी आठ वाजता ओल कुठपर्यंत आली आहे त्या कडेने पेन्सिलची रेषा ओढायची, शेजारी तारीख, वेळ आणि सही. हे काम मला येतं. चौथ्या दिवशी भिंतीवर चार रेषा होत्या, एकीच्या बाहेर एक, तळ्यात दगड टाकल्यासारख्या. पाचव्या दिवशी खोलीत वास आला. बंद ट्रंकेत विसरलेल्या ओल्या पायमोज्याचा असतो तसा.

रेषेचं काम दहा मिनिटांत संपायचं. मग आठ वाजून दहा मिनिटं व्हायची आणि पुढे अख्खा दिवस उभा असायचा.

*

पाहणीचे साहेब बारा तारखेला आले. बॅग, टॉर्च, आणि चेहऱ्यावर दुपारच्या जेवणाची ओढ. भिंतीसमोर उभे राहिले आणि बराच वेळ तिच्यावर टॉर्च फिरवत राहिले. मला वाटलं, प्रभावित झाले.

"हे काय आहे?"

"रेषा. रोजची ओल. तारीख, वेळ, सही. नऊ दिवसांच्या नऊ."

"म्हणजे भिंतीवर तुम्ही लिहिलंत."

"नोंद केली."

"भाग जसाच्या तसा ठेवायचा होता."

"ओल जशीच्या तशी थांबली असती तर मीही थांबलो असतो."

त्यांनी अर्जात काहीतरी लिहिलं. मला उलट्या बाजूने वाचता येतं, दुकानदारांच्या वह्या वाचून सवय आहे. लिहिलं होतं: भिंतीवर रहिवाशाने चित्रकला केली असल्याने मूळ नुकसान ठरवता येत नाही.

एकतीस वर्षांत माझ्या कामाला कोणी चित्रकला म्हटलं नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "त्यात वाईट वाटून घेऊ नका, हात चांगला आहे." मग त्यांनी कपाट पायाने थोडं सरकवलं, मागे टॉर्च मारला आणि नाकाला रुमाल लावला. "हे हलवलं नाहीत का?"

"जसंच्या तसं ठेवायचं होतं."

"हो, पण इथे बुरशी धरलीय."

कपाटाच्या मागे भिंतीला काळीहिरवी मखमल आली होती. चांगली दाट, कडेला पांढरी झालर. नऊ दिवस मी समोरच्या रेषा ओढत होतो आणि ती मागे, माझ्या पाठीशी, शांतपणे पसरत होती. बुरशीसाठी भरपाई मिळत नाही, पान अकरा, असं सांगून साहेब गेले. सव्वीसला चौदा दिवस होते.

*

माझ्या घरात बुरशी आहे ही बातमी त्या संध्याकाळी इमारतभर झाली, आणि चौदा महिन्यांत वाजली नव्हती तितकी माझी बेल दोन दिवसांत वाजली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तळमजल्याच्या वहिनी आल्या. दारातूनच नाक वर करून हुंगलं. "भावोजी, व्हिनेगर. दुसरं काही नको. आमच्या आईने अख्खं घर व्हिनेगरवर ठेवलं होतं."

तासाभराने सेक्रेटरी आले. "ब्लीच. बत्तीस वर्षं शाळेची स्वच्छतागृहं मी ब्लीचवर चालवली. पोरं बेशुद्ध पडतील, पण बुरशी नाही."

दोघंही दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीला येणार होते. आता एकाचं ऐकावं तर दुसरा दुखावतो. मी माझ्या परीने न्याय केला. ओळंबा सोडून भिंतीचे बरोबर दोन भाग केले, मध्ये उभी रेषा ओढली. डावा भाग वहिनींचा, उजवा सेक्रेटरींचा. डावीकडे व्हिनेगर, उजवीकडे ब्लीच, प्रत्येकी पाऊण लिटर, मोजून. मग निकाल पाहायला खिडकी बंद करून रेषेसमोर खुर्ची टाकून बसलो.

रसायनं रेषा मानत नाहीत. त्यांची गाठ मधोमध पडली आणि अर्ध्या मिनिटात माझा घसा सोलून निघाल्यासारखा झाला. डोळ्यांतून धारा. मी चाचपडत दार गाठलं, बाहेर पडलो आणि जिन्याच्या पायरीवर बसलो. श्वास येत होता, पण बोलता येत नव्हतं.

सहा वाजले होते, कारण सपाता वर येत होत्या. दातवालीने मला पाहिलं. पायरीवर, गुडघ्यांवर कोपरं, गालांवरून पाणी वाहतंय. ती पिशवी ठेवून माझ्या शेजारी बसली.

"काका," थोड्या वेळाने ती म्हणाली, "होतं असं कधी कधी."

मी मान हलवली. म्हणजे, नाही, तसं काही नाही.

"काकू कधी येणार?"

"सव्वीस," मी कसाबसा बोललो. "अगं, हे रडणं नाही. हे रसायन आहे."

"हो, हो," ती म्हणाली. "मीही पहिल्या वर्षी सगळ्यांना कांदा सांगायचे."

मग तिला वास आला. एकदम उठली, ओला रुमाल नाकातोंडावर दाबून आत गेली, सगळ्या खिडक्या उघडून बाहेर आली आणि पुन्हा पायरीवर बसली. आत जायला अजून तासभर थांबा, म्हणाली. तो तासभर आम्ही तिथेच बसलो. तिने मला सांगितलं की माणसाच्या प्रत्येक खोट्या दाताआधी त्याच्या खऱ्या तोंडाचा प्लास्टरचा साचा असतो, आणि तिचं अर्धं आयुष्य ते साचे वाळायची वाट बघण्यात जातं. "ब्लीचने वरून पांढरं दिसेल, काका. पण प्लास्टरच्या आत पाणीच जातं, आणि बुरशीला पाणीच हवं असतं. तिला मारायच्या मागे लागू नका. तिला कोरडं ठेवा. हवा द्या आणि वाट बघा. प्लास्टरला दटावून उपयोग नसतो."

मी म्हणालो, "माझ्याकडे तेरा दिवस आहेत."

"मग आजच कपाट काढू."

कपाट काढलं. मागची प्लायवूडची पाठ फुगून बिस्किटासारखी झाली होती. हात लावला तशी गळून पडली. खालचे पुठ्ठ्याचे खोके पिशव्यांत बांधून बाहेर टाकले. तिने कारखान्यातले मास्क आणले. बुरशी कोरडी खरवडायची नाही, उडते. ओल्या साबणाच्या फडक्याने टिपायची, आणि फडकं टाकून द्यायचं. भुसभुशीत झालेलं प्लास्टर रंगाऱ्याच्या पत्र्याने हातभर उंचीपर्यंत काढलं. माझ्या नऊ रेषांपैकी खालचे तुकडे त्यात गेले. सहीसकट.

"वाईट वाटतंय?" तिने विचारलं.

"सरकारी कागद नष्ट करायला समिती लागते," मी म्हणालो.

ती हसली. मास्कमधून हसण्याचा आवाज विचित्र येतो, पण येतो.

*

पंखे असे जमले. दोन माझे. दोन दातवालीचे. एक वहिनींनी पाठवला, व्हिनेगरची बाटली त्याला दोरीने बांधून. सहावा सुताराचा. सुतार कपाटाची पाठ बसवायला आला होता. येताना त्याने ओल मोजायचं यंत्र आणलं. दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा येतो. "पंधराच्या खाली आलं की हात लावायचा," तो म्हणाला. "ओल्या भिंतीला कपाट टेकवलंत तर नवी पाठही खलास. रंग तर मुळीच लावू नका, आत कोंडेल."

मी यंत्र भिंतीला टोचलं. एकतीस.

इथे दुसरा कोणी असता तर त्याने एकतीस लिहून घेतले असते. मी म्हणालो, "हे यंत्र लाकडासाठी आहे. प्लास्टरवर त्याचा आकडा नुसता अंदाज. खात्रीच्या कोरड्या भिंतीशी ताडून पाहिल्याशिवाय मी याला मान्यता देऊ शकत नाही."

"मान्यता कोण मागतंय?" सुतार म्हणाला. "आठवड्याने परत द्या, एवढंच." आणि पंखा लावून गेला.

खात्रीची कोरडी भिंत शोधायला मी शेजारच्यांची बेल वाजवली. नंतर समोरच्यांची. एका भिंतीवर प्रमाण ठरत नाही, निदान पाच तरी हव्यात, म्हणून खालच्या मजल्यावर गेलो. प्रत्येक घरात बसा म्हणायचे, चहा व्हायचा, भिंत दाखवायचे, मी सुया टोचायचो, सगळे आकड्याभोवती वाकायचे. बारा. अकरा. बारा. एका घरात आजोबांनी विचारलं की हे गुडघ्याला लावून बघता येईल का. चार दिवसांत मी नऊ घरं केली. कुठल्या घरात कोण राहतं, कोणाची मुलगी कुठे दिली, कोणाचा कोणाशी अबोला, हे मला सेवेत असताना अख्ख्या बाजाराचं माहीत असायचं. या इमारतीचं बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

वहिनींचं स्वयंपाकघर सतरा निघालं. "यंत्र खोटं आहे," त्या म्हणाल्या. "व्हिनेगर लावलेली भिंत आहे ही."

सेक्रेटरींच्या बैठकीत त्यांचा सत्काराचा मोठा फोटो आहे. त्याच्या शेजारी टोचलं. चोवीस. फोटो उतरवला तर मागे माझ्यापेक्षा दाट मखमल. सेक्रेटरी कितीतरी वेळ तो फोटो हातात धरून उभे राहिले. फोटोतले सेक्रेटरी हसत होते.

"हे बाहेर बोलायचं नाही," ते म्हणाले.

मी बोललो नाही. पण त्यांच्या सौभाग्यवती बोलल्या, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवरून "काका, आमची पण बघा ना" सुरू झालं. दुसऱ्या दिवशी फलकावर ती सूचना लागली, सभासदांनी एकमेकांच्या भिंती मोजू नयेत. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी स्वतः माझ्याकडे आले आणि दार लावून घेऊन हळूच विचारलं, "आज किती असेल हो?"

रोज संध्याकाळी सहाला दातवाली भिंत बघायला यायची. मी आकडा सांगायचो. सत्तावीस. बावीस. एकोणीस. ती बोटाच्या पेराने प्लास्टर ठोकायची आणि कान लावून ऐकायची. "येतंय," म्हणायची. चहा घेऊन वर जायची. सहा पंखे लागले की घरात माणसं भरून एकदम बोलत असल्यासारखा आवाज व्हायचा. मी त्या आवाजात दुपारी चक्क झोपायला लागलो होतो.

आणि सगळा वेळ मी स्वयंपाकघरात बसून फोनवर म्हणत होतो, "खणखणीत."

"मागे कसला आवाज येतोय?" बायको विचारायची.

"पंखा."

"एकच?"

*

चोवीस तारखेला सकाळी आठ वाजता भिंत बारा निघाली. नऊ घरांचं प्रमाणही बारा. मी पाच ठिकाणी टोचून पाहिलं. बारा, बारा, अकरा, बारा, बारा. दोन दिवस हातात होते. मी दाढी केली. सुताराला बोलावून कपाट लावलं, भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून, हवा खेळायला. अंथरुणं उन्हात टाकली. तिची उशी झटकली. ती चौदा महिन्यांत बसकी झालेली नव्हती, कशी होणार.

दुपारी फोन आला. नातवाला कांजिण्या.

"अंगभर फोड आलेत हो. हिची रजा, त्याची कामं, मी निघाले तर कोण बघणार? पुढे बघू. महिन्याभराने वगैरे."

"हो, हो. त्याला बघ आधी," मी म्हणालो. आणि माझ्या तोंडून निघालं, "इकडे सगळं कोरडं आहे."

"बरं झालं," ती म्हणाली.

संध्याकाळी मी दातवालीला आकडा सांगितला. तिने पेराने ठोकलं, ऐकलं आणि टाळी वाजवली. "झालं, काका. पास." दोन्ही पंखे काखेत मारून वर गेली. सुताराने त्याचा पंखा सकाळीच नेला होता, यंत्र परवा नेतो म्हणाला. वहिनींनी दोरीसकट नेला. माझे दोन मीच बंद केले. आवाज थांबला तेव्हा कळलं की घर केवढं मोठं आहे. दोन खोल्यांचं घर आहे, मापात काही बदल झालेला नव्हता, तरी.

पंचवीस तारखेला बेल वाजली नाही. भिंत चांगली असली की तिच्याकडे कोण येतं.

पुढचं लिहायचं नव्हतं. पण वही माझी आहे आणि खाडाखोड करायची मला सवय नाही.

संध्याकाळी साडेपाच वाजता मी इस्त्रीचा पाण्याचा फवारा घेतला आणि भिंतीवर मारला. मधोमध, छातीच्या उंचीवर, आठ-दहा वेळा. पाच मिनिटं थांबलो. सुया टोचल्या. बावीस. मी वहीत लिहिलं: बावीस. तारीख, वेळ, सही.

एकतीस वर्षांत मी किती तराजू पकडले असतील. पारड्याखाली चिंचोक्याएवढं मेण, दांडीत लपवलेलं शिसं. पकडल्यावर दुकानदार म्हणायचे, साहेब, एवढंसंच तर आहे. मी एकालाही सोडलं नव्हतं.

सहाला सपाता वाजल्या तसा मी जिन्यात गेलो. "जरा बघतेस का? पुन्हा चढलाय आकडा. बावीस."

ती पिशवीसकट आत आली. भिंतीपाशी गेली. पेराने ठोकलं नाही. नुसतं बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. मग वाकून खालच्या फरशीकडे पाहिलं. तिथे बारीक थेंबांचा अर्धगोल होता, फवाऱ्याचा असतो तसा. फवारा खुर्चीवर होता. मी तो लपवलासुद्धा नव्हता. सराईत दुकानदार असता तर लपवला असता.

मी शिक्षेची वाट पाहत उभा राहिलो.

"काका," ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "हे पाणी वरचं आहे. आत गेलेलं नाही. तासात जाईल."

"हो."

"यंत्र सुताराला देऊन टाका." मग पिशवी खांद्याला लावली. "आणि उद्या सहाला वर या चहाला. आकडा न घेता या."

*

सव्वीस तारखेला मी आतल्या खोलीत, त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून फोन लावला. बायकोने पडद्यावर पाहिलं. मागे खाली हातभर सोललेली भिंत, वर तुटक्या पेन्सिलच्या रेषा, मध्ये ओळंब्याची उभी रेघ.

"तीन तारखेला वरून पाणी आलं होतं," मी म्हणालो. "बुरशीही धरली होती. आता नाही. तुला सांगितलं नाही."

"माहितीय," ती म्हणाली.

"काय?"

"तळमजल्याच्या वहिनींनी तेरा तारखेलाच फोन केला होता. व्हिनेगर सुचवलंय म्हणाल्या." मांडीवर नातू होता, त्याच्या पाठीवर ती गुलाबी औषधाचे ठिपके लावत होती. "मी रोज वाट बघत होते तुम्ही कधी सांगता याची. रोज आपलं खणखणीत."

"तू ताईकडे उतरली असतीस."

"उतरले असते," ती म्हणाली. "मग तुम्ही रोज पिशवी घेऊन आला असतात. तेवढं तरी झालं असतं."

नातवाने फोनमध्ये तोंड घालून स्वतःचा एक फोड दाखवला. मी तो बारकाईने पाहिला आणि चांगला मोठा आहे असं प्रमाणपत्र दिलं.

"आता भिंत कशी आहे?" तिने विचारलं.

"बारा."

"म्हणजे?"

"म्हणजे कोरडी. आता तिच्याकडे बघायला कोणी लागत नाही."

ती ठिपके लावत राहिली. मग म्हणाली, "बरं."

चौदा महिन्यांपूर्वी मुलाने तिकिटं दोन पाठवली होती; घर सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून त्यातलं एक मी रद्द केलं.